पेशीतील ‘रद्द’चा शिक्का : विषाणूची लबाडी आणि प्रयोगशाळेची तपासणी

कर्करोग हा शब्द नुसता उच्चारला तरी घरातील वातावरण बदलून जाते. त्यातही गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हटले जाते, तो आपल्या माता-भगिनींकडून वर्षानुवर्षे लपवला जातो. अंगावरून पांढरे जाते, मध्येच लाल जाते, कंबर दुखते. पण सांगायचे कोणाला? घरातील पुरुषाला सांगण्याची लाज, दवाखान्यात जाण्यास वेळ नाही आणि रोजंदारी बुडवण्याची तर सोयच नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आमच्या एका मावशीचे नाव अशाच एका वर्षाच्या हिशेबात गेले आहे. तिचा आजार घरात कळला तेव्हा उपचाराची वेळ टळून गेली होती.

हा रोग देवाच्या कोपाने होत नाही, करणीने होत नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाने तर मुळीच होत नाही. तो एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू पेशीच्या आत नेमके काय करतो, ते शास्त्रज्ञांनी कोणत्या तपासणीने शोधून काढले आणि त्या तपासणीचा निकाल खरा की खोटा हे कसे पारखले जाते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे. आम्ही शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. त्यामुळे शास्त्रीय परिभाषेपेक्षा आमच्या काउंटरवरची उदाहरणे वाचकांना अधिक दिसतील. परंतु विषय समजण्यास त्यांची मदतच होईल, असे आम्हांस वाटते.

युबिक्विटिन म्हणजे काय?

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने काम करीत असतात. काही प्रथिने जुनी होतात, काही चुकीची घडतात, तर काहींचे काम संपलेले असते. अशी प्रथिने पेशीतून वेळच्या वेळी काढून टाकावी लागतात.

बँकेत मळक्या-फाटक्या नोटांचे जे होते तेच येथे होते. आलेल्या नोटांतून खराब नोटा वेगळ्या काढल्या जातात, त्या करन्सी चेस्टमध्ये जातात आणि शेवटी रिझर्व्ह बँकेत यंत्राखाली त्यांचे बारीक तुकडे केले जातात. कोणतीही नोट कोणीही उचलून यंत्रात टाकली असे चालत नाही. ती रद्द करावयाची आहे, अशी खूण आधी पटावी लागते.

पेशीत ही खूण म्हणजे युबिक्विटिन नावाचे एक छोटेसे प्रथिन. ते अवघ्या ७६ अमायनो आम्लांचे असून त्याचे वजन सुमारे साडेआठ हजार डाल्टन भरते. ज्या प्रथिनाची विल्हेवाट लावायची त्याला हे युबिक्विटिन चिकटवले जाते. एकाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे अशी साखळी तयार होते. तशी साखळी लागलेले प्रथिन प्रोटिआसोम नावाच्या पिंपाच्या आकाराच्या यंत्रणेत ओढले जाते आणि तेथे त्याचे तुकडे होतात. युबिक्विटिन मात्र नष्ट होत नाही. पूर्वी बँकेत पैसे काढणाऱ्यास पितळी टोकन देत असत आणि पैसे देताना ते परत घेऊन पुढच्या ग्राहकास देत. तसेच युबिक्विटिन सुटे होऊन पुन्हा वापरात येते.

हा शिक्का मारण्यासाठी तीन प्रकारची विकरे एकापाठोपाठ लागतात. शास्त्रज्ञ त्यांना ई-१, ई-२ आणि ई-३ म्हणतात. पहिले विकर एटीपी नावाची ऊर्जा खर्चून युबिक्विटिन कामास तयार करते, दुसरे ते वाहून नेते आणि तिसरे कोणत्या प्रथिनावर शिक्का मारायचा हे ठरवते. खरे अधिकार या तिसऱ्याकडे असतात. १९८० च्या सुमारास ही व्यवस्था उलगडून दाखवणारे अॅरन चिकॅनोव्हर, अव्राम हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. प्रत्येक शिक्का ‘रद्द’चाच असतो असे नाही. साखळीच्या कड्या कोणत्या जागी जोडल्या आहेत यावर तिचा अर्थ ठरतो. ४८ क्रमांकाच्या लायसिनवर जोडलेली साखळी बहुधा विल्हेवाटीची असते, तर ६३ क्रमांकाच्या लायसिनवरची साखळी बहुधा निरोप पोहोचवण्याच्या किंवा दुरुस्तीच्या कामाची असते.

विषाणूची लबाडी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणू म्हणजे ह्युमन पॅपिलोमा विषाणू, थोडक्यात एचपीव्ही. याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांतील डझन-दीड डझनच कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे, आणि त्यांतही १६ व १८ क्रमांकाचे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रोगास कारण होतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ व १९८४ साली हे दोन प्रकार कर्करोगाच्या गाठींतून शोधले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या पेशीत पी-५३ नावाचे एक राखणदार प्रथिन असते. पेशीच्या जनुकात बिघाड झाला की ते पेशीची वाढ थांबवते किंवा तिला मरण पत्करायला लावते. बऱ्याच कर्करोगांत या राखणदाराचे जनुकच बिघडलेले आढळते. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एक कोडे होते. जनुक बहुधा शाबूत असे, पण प्रथिन जवळजवळ सापडतच नसे. खाते चालू, भरणाही नियमित, आणि शिल्लक मात्र शून्य! मग रक्कम जाते कोठे?

याचे उत्तर १९९० साली मार्टिन शेफनर, पीटर हाउली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन पेशीतीलच एका ई-३ अधिकाऱ्याला हाताशी धरते आणि त्याच्याकडून पी-५३ वर ‘रद्द’चा शिक्का मारून घेते. (विषाणूचे ई-६, ई-७ आणि वर सांगितलेली ई-१, ई-२, ई-३ ही विकरे यांचा परस्परांशी काही संबंध नाही. नावे सारखी दिसतात एवढेच.) शिक्का खरा, शिक्का मारणारा हात पेशीचाच, फक्त हुकूम परक्याचा. चांगली नोट खराब म्हणून यंत्रात जाते. राखणदार नाहीसा झाला की बिघडलेल्या पेशी वाढत राहतात आणि बहुधा १०-२० वर्षांनी त्याचा कर्करोग होतो.

तपासणी कशी करतात?

युबिक्विटिन डोळ्यांना दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नाही. मग एखाद्या प्रथिनावर हा शिक्का बसला आहे हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी एक नव्हे, अनेक पुरावे जमवावे लागतात.

पहिली अडचण अशी की शिक्का बसलेले प्रथिन लगेच नष्ट होते. म्हणून पेशींना आधी एमजी-१३२ सारखे औषध देऊन प्रोटिआसोमचे यंत्र बंद पाडतात. शिक्के पुसून टाकणारीही विकरे पेशीत असतात. पेशी फोडताना त्यांना रोखणारे रसायन घालावे लागते, नाहीतर नळीतल्या नळीत पुरावा पुसला जातो.

दुसरी पायरी जेल आणि ब्लॉट यांची. पेशीतील प्रथिनांचे मिश्रण जेलच्या पातळ थरात एका कडेला ठेवून विजेच्या प्रवाहाने पुढे ढकलतात. जेल चाळणीसारखे काम करते. हलकी प्रथिने दूर जातात, जड मागे राहतात. मग ती एका कागदासारख्या पापुद्र्यावर उतरवून घेतात आणि हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. जेथे ते प्रथिन असेल तेथे पट्टा उमटतो. पी-५३ चा पट्टा ५३ हजार डाल्टनच्या आसपास उमटतो. त्याचे नाव त्यावरूनच पडले. एक युबिक्विटिन चिकटले तर त्याच्या वर साडेआठ हजारांच्या अंतरावर दुसरा पट्टा दिसतो, दोन चिकटली तर तिसरा. अशी शिडी दिसू लागते. साखळ्या लांब असल्या की वरच्या बाजूला काळपट फराटा उमटतो.

परंतु शिडी दिसली म्हणजे सिद्ध झाले असे नाही. ती दुसऱ्या कशाचीही असू शकते. म्हणून तिसरी पायरी. प्रतिपिंड लावलेल्या बारीक मण्यांच्या साहाय्याने फक्त तेच एक प्रथिन मिश्रणातून वेचून काढतात आणि मग त्यावर युबिक्विटिन आहे का ते दुसऱ्या प्रतिपिंडाने विचारतात. येथेही फसगत होऊ शकते. शिक्का आपल्या प्रथिनावर नसून त्याला बिलगून आलेल्या सोबत्यावर असू शकतो. एका ग्राहकाबरोबर चार जण काउंटरवर येतात, म्हणून चौघांचे खाते एक होत नाही. यासाठी मिश्रण आधी तीव्र साबणासारख्या रसायनात उकळतात. सोबती सुटून जातात, पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेले युबिक्विटिन मात्र टिकून राहते. मग मिश्रण पातळ करून पुन्हा वेचतात.

चौथी रीत अशी : पेशीत असे युबिक्विटिन घालतात की ज्याला हिस्टिडिन या अमायनो आम्लाची छोटी शेपटी जोडलेली असते. ही शेपटी निकेल धातूला चिकटते. प्रथिनांची घडी मोडणाऱ्या तीव्र द्रावणात निकेलच्या मण्यांवर शिक्केवाली सारी प्रथिने पकडून, त्यांत आपले प्रथिन आहे का ते पाहतात. शेजारीच शेपटी नसलेले युबिक्विटिन घातलेला नमुना ठेवावाच लागतो. त्यातही पट्टा दिसला तर तो मण्याला आपोआप चिकटलेला माल समजावा.

पाचवी परीक्षा उलट्या दिशेची. शिडी दाखवणाऱ्या नमुन्यात शिक्के पुसणारे विकर घालायचे. शिडी नाहीशी होऊन मूळ पट्टा ठळक झाला तर तो युबिक्विटिनच होता.

सहावी परीक्षा म्हणजे नळीत सगळा व्यवहार नव्याने मांडणे. शेफनर यांच्या १९९० च्या प्रयोगात सशाच्या रक्तातील अपक्व तांबड्या पेशींच्या अर्कात पी-५३ आणि ई-६ एकत्र ठेवले होते. १६ व १८ क्रमांकाच्या विषाणूंचे ई-६ घातले की पी-५३ नाहीसे होई. कमी धोक्याच्या ६ व ११ क्रमांकांचे घातले तर ते तसेच राही. एटीपी नसेल तर सारे काम थांबे. पुढे १९९३ साली शिक्का मारणारा अधिकारी कोण, हेही याच गटाने शुद्ध विकरे एकत्र करून दाखवले. एकेक घटक वगळून पाहायचा आणि व्यवहार कोठे अडतो ते टिपायचे, ही पद्धत कोणत्याही हिशेबनिसाला पटण्यासारखी आहे.

विषाणूच्या प्रथिनावरही शिक्का

पेशी मात्र अगदीच निराधार नसते. विषाणूच्या ई-७ या दुसऱ्या घातक प्रथिनावर पेशी स्वतःच शिक्का मारते, हे २००० साली चिकॅनोव्हर यांच्या गटाने प्रसिद्ध केले. युबिक्विटिन सहसा लायसिन या अमायनो आम्लावर बसते. १६ क्रमांकाच्या विषाणूच्या ई-७ मध्ये एकूण ९८ अमायनो आम्ले असून त्यांत लायसिन अवघी दोनच. शास्त्रज्ञांनी ती दोन्ही बदलून टाकली. अपेक्षा अशी की शिक्का थांबेल. पण तो बसतच राहिला! तो प्रथिनाच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला बसत होता. पुढे ५८ क्रमांकाच्या विषाणूचे ई-७ तर निसर्गतःच लायसिनविरहित असूनही त्यावर शिक्का बसतो, असे दिसून आले.

शिक्क्याची नेमकी जागा दाखवण्यासाठी आज मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र वापरतात. ट्रिप्सिन या विकराने प्रथिनाचे तुकडे केले की युबिक्विटिनची शेवटची दोन ग्लायसिन तेवढी लायसिनवर उरतात. त्या तुकड्याचे वजन ११४ डाल्टनने वाढलेले दिसते. ही खूण फार उपयोगी आहे, पण तीही अखेरचा शब्द नव्हे. विषाणू शिरल्यावर पेशी आयएसजी-१५ नावाचे युबिक्विटिनसारखे दुसरे प्रथिनही चिकटवते आणि त्याचीही अगदी अशीच खूण उरते. शिवाय केवळ लायसिनवरची खूण शोधणाऱ्याच्या नजरेतून ई-७ च्या टोकावरचा शिक्का निसटून जातो. तात्पर्य, एका चाचणीवर विसंबू नये. व्हाउचर, सही आणि वही तिन्ही जुळल्याशिवाय आम्ही नोंद पक्की मानत नाही, तेच येथे लागू आहे.

पेशी कोणाच्या?

या संशोधनात ज्या पेशी जगभर वापरल्या गेल्या, त्यांत हिला पेशी प्रमुख आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्था अशा पेशी जपून ठेवतात व संशोधकांना पुरवतात. या पेशी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ती वारली. तिच्या गाठीत १८ क्रमांकाचा विषाणू होता. तिच्या पेशींवर कंपन्यांनी अमाप पैसा मिळवला आणि तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ साली. ज्यांच्या देहावर विज्ञान उभे राहते, त्यांना न्याय मिळण्यास इतका उशीर का व्हावा, हा प्रश्न आपल्यासारख्या समाजाने विचारलाच पाहिजे.

मराठवाड्याने जगाला दिलेला पुरावा

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येतो. आपल्या परभणीपासून फार दूर नसलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठी पाहणी झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यांतील स्त्रियांचे चार गट केले गेले. एका गटाची विषाणूच्या जनुकाची चाचणी एकदाच झाली, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची पातळ अॅसिटिक आम्ल लावून नजरेने तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा होती.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुक-चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा पुरावा जगाला आपल्या शेतात राबणाऱ्या बायकांनी दिला. त्याचबरोबर, चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, अशी टीकाही पुढे झाली. ती टीका विसरता येत नाही आणि पुरावाही नाकारता येत नाही.

आपण काय करावे?

युबिक्विटिनची तपासणी ही संशोधनाची बाब आहे. ती गावातील लॅबमध्ये होत नाही आणि रुग्णाला तिची गरजही नसते. कोणी त्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नयेत. आपल्याला करावयाची तपासणी वेगळी व सोपी आहे : विषाणूच्या जनुकाची चाचणी किंवा अॅसिटिक आम्लाची नजर-तपासणी. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी अशी नजर-तपासणी व्हावयाची आहे. सरकारी दवाखान्यात तिची मागणी करणे हा आपला हक्क आहे.

चाचणीत विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जेथे तो ठाण मांडून बसतो तेथेच धोका असतो, आणि रोगाला लागणारी १०-२० वर्षे हाच आपला मोठा अवधी आहे. म्हणून पांढरे जाते एवढ्या कारणावरून ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे कोणी सांगितले तर घाबरून होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला व शासनास चौकशी समिती नेमावी लागली, हे आपणास माहीत आहेच. आधी तपासणी, मग दुसऱ्या डॉक्टरांचे मत, आणि त्यानंतरच निर्णय. मात्र पाळी गेल्यानंतर किंवा शरीरसंबंधानंतर रक्त गेले तर एक दिवसही वाट पाहू नये.

मुलींसाठी लस उपलब्ध आहे. ९ ते १४ हे वय तिच्यासाठी सर्वांत योग्य. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. ही लस विषाणूच्या केवळ बाहेरच्या कवचाच्या प्रथिनापासून बनते. तीत ई-६ किंवा ई-७ नसते, त्यामुळे लसीने कर्करोग होण्याची भीती निराधार आहे. पण आधीच शिरलेल्या विषाणूवर लस चालत नाही. म्हणून मुलीला लस आणि आईला तपासणी, दोन्ही हवे.

ई-६ ला रोखून पी-५३ वाचवणारे औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते रोजच्या उपचारात अद्याप आलेले नाही. तोवर जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, पालमच्या वाड्या-वस्त्यांवरील भगिनींनी एक दिवसाची रोजंदारी बुडवून तपासणी करून घ्यावी आणि त्या दिवशी घरातील पुरुषाने चूल सांभाळावी, एवढी विनंती आहे. हा लेख वाचून एका घरातील एक जरी स्त्री वेळेवर दवाखान्यात गेली, तरी आमच्या लिखाणाचे चीज झाले असे आम्ही समजू.